म्हातारपणाच्या पुंजीतला वाटेकरी : अमेरिकेतल्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या कार्यकारिणी आणि सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण असं, की २०२६ च्या जानेवारीपासून पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या पुष्कळ सभासदांच्या पगारपत्रकात एक बदल झाला आहे. ४०१(के) मध्ये, म्हणजे कंपनीमार्फत पगारातून भरायच्या निवृत्तिखात्यात, या वर्षी २४,५०० डॉलर घालता येतात आणि पन्नाशीनंतर त्यावर आणखी ८,००० डॉलरची भर टाकता येते. ज्यांचा त्याच कंपनीतला आदल्या वर्षीचा पगार १,५०,००० डॉलरच्या वर होता, त्यांना ही जादा भर आता करापूर्वीच्या पैशातून घालता येत नाही. ती रॉथमध्येच, म्हणजे कर भरून झालेल्या पैशातून घालावी लागते. २०२२ च्या अखेरीस झालेल्या, निवृत्तीच्या बचतीबद्दलच्या सिक्युअर २.० कायद्यातलं हे कलम दोन वर्षं लांबणीवर पडलं होतं, ते आता लागू झालं.

‘आमची सवलत काढून घेतली’ हा सूर मी तेव्हापासून अनेकांकडून ऐकतो आहे. मला मात्र वाटतं, की आपण वर्षानुवर्षं टाळत आलेला एक प्रश्न या नियमामुळे निदान समोर तरी आला. निवृत्तीसाठी साठवलेल्या पैशांपैकी किती पैशांवर कर भरून झाला आहे आणि किती पैशांवर तो अजून द्यायचा आहे? हा प्रश्न प्रत्येक मराठी घरात विचारला जावा, आणि नवरा-बायको दोघांनी एकत्र बसून विचारावा, एवढ्यासाठी हे पत्र.

मी स्वतः निवृत्त आहे. दर वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ज्येष्ठ नागरिकांची टॅक्स रिटर्न भरून देण्याचं काम स्वयंसेवक म्हणून करतो. सल्लागाराचा परवाना माझ्याकडे नाही आणि मला काही विकायचं नाही. पण सत्तरीपुढच्या माणसांची कागदपत्रं समोर आली की त्यांनी तिशी-चाळिशीत केलेल्या निवडी त्यात स्पष्ट दिसतात. आपली माणसं काटकसरी आहेत, पैसा साठवण्यात कुणाला हार जाणारी नाहीत. साठवला किती हे त्यांना डॉलरपर्यंत ठाऊक असतं. तो कोणत्या प्रकारच्या खात्यात आहे आणि बाहेर काढताना काय होईल, याचा विचार मात्र फार थोड्यांनी केलेला असतो.

याचं एक कारण आपण भारतातून बरोबर आणलेल्या सवयीत आहे. मार्च जवळ आला की घरात करबचतीची धावपळ सुरू व्हायची. पीपीएफमध्ये पैसे भरा, विम्याचा हप्ता भरा, पावत्या ऑफिसात द्या. पीपीएफमध्ये पैसे घालताना सवलत मिळायची, व्याजावर कर नव्हता आणि पंधरा वर्षांनी काढतानाही कर नव्हता. गुंतवणूक म्हणजे कर वाचणं, आणि वाचलेला कर म्हणजे कायमचा वाचलेला, हे समीकरण तिथे पक्कं झालं. इथे आल्यावर कंपनीनं ४०१(के) चा फॉर्म पुढे केला, तेव्हा आपण त्याच डोळ्यांनी तो वाचला. या वर्षीचा कर कमी होतो ना, मग झालं. पण ४०१(के) मध्ये कर वाचत नाही, तो पुढे ढकलला जातो. पुढे ढकलण्यातही फायदा असू शकतो, कधीकधी मोठा असतो. फक्त तो आपोआप मिळत नाही.

गावाकडे वाट्यानं लावलेली शेती आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. उभं पीक कितीही जोमदार दिसलं तरी त्यातला वाटेकऱ्याचा हिस्सा आपला नसतो, हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. करापूर्वीच्या खात्यात सरकार असंच वाटेकरी आहे. आणि इथे त्याचा वाटा पेरणीच्या वेळी ठरत नाही. आपण पीक घरी आणतो त्या वर्षी, त्या वर्षीच्या दरानं तो ठरतो. स्टेटमेंटवर दहा लाख डॉलर दिसले तरी ते सगळे दहा लाख आपले नाहीत.

रॉथचा प्रकार उलटा : वाटेकऱ्याचा हिस्सा पेरणीच्या वेळीच देऊन टाकायचा, मग पीक सगळं आपलं. डेलावेअरचे सिनेटर विल्यम रॉथ यांच्या नावानं १९९७ च्या कायद्यात हे खातं आलं आणि १९९८ पासून लोकांना उघडता आलं. ४०१(के) त्याच्या बरंच आधीचं, १९७८ च्या कायद्यातल्या एका कलमातून निघालेलं. कंपनीच्या ४०१(के) च्या आतच रॉथचा पर्याय मिळू लागला तो २००६ पासून. म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांत इथे आलेल्या आपल्या पहिल्या पिढीला उमेदीच्या वर्षांत ही निवड उपलब्धच नव्हती. त्यांची सगळी पुंजी करापूर्वीच्या खात्यात साचली यात त्यांचा दोष नाही. आज तिशीत असलेल्या मुलामुलींना पहिल्या पगारापासून निवड आहे, आणि तरी फॉर्मवर जी खूण आधीपासून केलेली असते तीच अनेक जण ठेवतात.

आता हिशेब. समजा १,००० डॉलर बाजूला टाकायचे आहेत आणि तुमच्या वरच्या उत्पन्नावर २२ टक्के कर लागतो. करापूर्वीच्या खात्यात पूर्ण १,००० जातात, काही वर्षांत चौपट होऊन ४,००० होतात, आणि काढताना पुन्हा २२ टक्केच कर लागला तर हाती ३,१२० येतात. रॉथमध्ये आधी २२० कर जातो, उरलेले ७८० आत जातात, चौपट होऊन ३,१२० होतात आणि काढताना कर शून्य. दोन्हीकडे अगदी सारखं. ‘रॉथमध्ये वाढ करमुक्त असते म्हणून ते चांगलं’ आणि ‘ट्रॅडिशनलमध्ये (म्हणजे करापूर्वीच्या खात्यात) जास्त पैसे कामाला लागतात म्हणून ते चांगलं’, या दोन्ही युक्तिवादांत त्यामुळे दम नाही. फरक पडतो तो फक्त एका गोष्टीनं : आजचा दर जास्त की काढतानाचा. ज्यांना वर्षाची मर्यादा पूर्ण भरायची ऐपत आहे त्यांच्यासाठी एक पुरवणी जोडतो. रॉथमधले २४,५०० हे पूर्ण आपले असतात, दुसऱ्या खात्यातल्या २४,५०० मध्ये वाटेकरी असतो. त्यामुळे मर्यादा तीच असली तरी रॉथमध्ये प्रत्यक्षात जास्त बचत मावते.

काढतानाचा दर काय असेल हे आज कुणालाच सांगता येणार नाही. १९८० साली या देशात सर्वांत वरचा दर ७० टक्के होता, १९८८ मध्ये तो २८ टक्के होता, आज ३७ आहे. एकाच माणसाच्या नोकरीच्या काळात एवढे चढउतार झाले. २०१७ च्या कायद्यानं कमी केलेले दर २०२५ च्या अखेरीस संपणार होते, ते जुलै २०२५ च्या कायद्यानं कायम केले. पण ‘कायम’ म्हणजे पुढची काँग्रेस, म्हणजे इथली संसद, ते बदलेपर्यंत. म्हणूनच माझं म्हणणं असं, की उतारवयात दोन्ही प्रकारची खाती हाताशी हवीत. किती पैसे कुठून काढायचे हे दर वर्षी ठरवता आलं, की दर कुठेही गेले तरी आपण अडकून पडत नाही. सगळे पैसे एकाच प्रकारच्या खात्यात असले तर ही निवड उरत नाही.

मग कुणी कधी काय करावं? पहिल्या नोकरीच्या वर्षी, विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रुजू झालेल्या मुलांनी, रॉथ निवडावं. त्या वर्षी चार-पाच महिन्यांचाच पगार असतो, कराचा दर बहुतेकदा १२ टक्क्यांच्या आत राहतो, आणि इतका कमी दर त्यांना पुन्हा कदाचित निवृत्तीपर्यंत मिळणार नाही. रॉथ आयआरएचा, म्हणजे कंपनीबाहेर स्वतः उघडलेल्या रॉथ खात्याचा, आणखी एक गुण व्हिसावर असलेल्या मुलांनी लक्षात घ्यावा. त्यात स्वतः घातलेली मुद्दल कधीही, कोणत्याही वयात, कर आणि दंड न भरता काढता येते. बंधन असतं ते वाढीवर : वय साडेएकोणसाठ पूर्ण आणि पहिलं रॉथ आयआरए उघडल्यापासून पाच वर्षं. एच-१बी वर नोकरी गेली की दुसरी शोधायला साठ दिवस मिळतात. त्या साठ दिवसांत ही मुद्दल उपयोगी पडू शकते. पाच वर्षांचं घड्याळ चालू व्हावं म्हणून थोड्याशा रकमेनं का होईना, ते खातं लवकर उघडून ठेवावं.

पुढे दोघंही नोकरीत स्थिरावले, कॅलिफोर्नियासारख्या राज्यात राहिले आणि दोघांचं मिळून करपात्र उत्पन्न चार लाखांच्या पुढे गेलं, की चित्र उलटतं. तिथे केंद्राचा ३२ टक्के आणि राज्याचा ९.३ टक्के धरून वरच्या प्रत्येक डॉलरमागे एक्केचाळीस सेंट जातात. अशा वर्षांत करापूर्वीचं खातंच भरावं, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. निवृत्तीनंतर एक्केचाळीस टक्क्यांचा दर लागेल अशी कुटुंबं आपल्यात फार नाहीत. उत्पन्न मधल्या पट्ट्यात असेल तर मी अर्धं-अर्धं सुचवतो. अचूक उत्तर कळणं शक्य नसलं की दोन्हीकडे पाय ठेवणं हा शहाणपणाचा मार्ग आहे. कंपनीची मॅच, म्हणजे आपल्या बचतीला जोड म्हणून कंपनी घालते ती रक्कम, मात्र कोणत्याही परिस्थितीत सोडू नये. ती बहुतेक ठिकाणी करापूर्वीच्या खात्यातच जमा होते, म्हणजे रॉथ निवडलं तरी दुसरी बाजू थोडीफार भरत राहतेच.

नोकरी सुटल्यापासून सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन, सुरू होईपर्यंतची वर्षं ही या सगळ्यातली सर्वांत मोलाची, आणि तीच सर्वांत जास्त वाया जातात. बासष्टाव्या वर्षी निवृत्त झालेलं एक जोडपं घ्या. सोशल सिक्युरिटी सत्तरीला घ्यायची आहे, घरखर्चाला बँकेत वेगळी बचत आहे, दुसरं उत्पन्न नाही. २०२६ च्या दरांनी त्यांनी १,३३,००० डॉलर करापूर्वीच्या खात्यातून रॉथमध्ये वळवले, तर ३२,२०० ची प्रमाणित वजावट जाऊन १,००,८०० करपात्र उरतात. त्यावर केंद्राचा कर ११,६०० डॉलर, म्हणजे वळवलेल्या रकमेच्या नऊ टक्क्यांहूनही कमी. नोकरीत असताना २४ किंवा ३२ टक्के वाचवले आणि आता नऊ टक्क्यांच्या आत सुटका झाली. पुढे ढकलण्याचा खरा फायदा म्हणतात तो हा. तो मिळवण्यासाठी त्या वर्षांत उठून काहीतरी करावं लागतं. आपली माणसं तेव्हा नातवंडांत आणि भारतवाऱ्यांत रमलेली असतात, खात्याला हात लावायचा नाही हाच नियम धरून बसतात. पासष्टीच्या आत सरकारी बाजारपेठेतून आरोग्य विमा घेत असाल तर वळवलेली रक्कम उत्पन्नात मोजली जाते आणि विम्याच्या सवलतीवर परिणाम होतो. त्रेसष्टाव्या वर्षापासून मेडिकेअरचंही, म्हणजे पासष्टीपासूनच्या सरकारी आरोग्य विम्याचंही, भान ठेवावं लागतं, कारण मेडिकेअरचा हप्ता दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न पाहून ठरतो. हे हिशेब किचकट आहेत, पण एका संध्याकाळी बसून होण्यासारखे आहेत.

ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लेखणी उचलली ती आता सांगतो.

१९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पंच्याहत्तराव्या वर्षापासून करापूर्वीच्या खात्यातून दर वर्षी ठरावीक रक्कम काढावीच लागते. १९५१ ते १९५९ मध्ये जन्मलेल्यांसाठी ते वय त्र्याहत्तर आहे. गरज असो वा नसो, रक्कम काढायची आणि तिच्यावर कर भरायचा. पंच्याहत्तरीला शिल्लक भागिले २४.६, ऐंशीला भागिले २०.२, पंच्याऐंशीला भागिले १६. जसं वय वाढतं तसा वाटा वाढतो. रॉथला मालकाच्या हयातीत हे बंधन नाही. रॉथ ४०१(के) ला पूर्वी होतं, तेही २०२४ पासून उठलं.

समजा एका जोडप्याकडे पंच्याहत्तरीला करापूर्वीच्या खात्यात २५ लाख डॉलर आहेत. तीस-पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या आणि नेमानं बचत केलेल्या इंजिनिअर जोडप्याच्या बाबतीत हा आकडा अशक्य नाही. त्यांना वर्षाला सुमारे १,०१,६०० डॉलर काढावे लागतील. दोघांची मिळून सोशल सिक्युरिटी ७०,००० धरू. तिच्यातला ८५ टक्के भाग, म्हणजे ५९,५००, करपात्र धरला जातो. २०२६ च्या दरांनी आणि ज्येष्ठांच्या वाढीव प्रमाणित वजावटीनं त्यांचा केंद्राचा कर सुमारे १७,००० डॉलर येतो. २०२८ पर्यंतचीच असलेली ज्येष्ठांची तात्पुरती वजावट मी यात धरलेली नाही.

आता दोघांपैकी एक गेलं. आपल्या घरांत बायको बहुधा चार-सहा वर्षांनी लहान असते, म्हणून मागे तीच राहण्याची शक्यता जास्त. सोशल सिक्युरिटी दोनपैकी मोठी तेवढी राहते, समजा ४०,०००. म्हणजे घरात येणारे पैसे वर्षाला ३०,००० डॉलरनी कमी झाले. खात्यातून काढावी लागणारी रक्कम मात्र जवळपास तेवढीच राहते. रिटर्न आता एकटीचं, कराच्या पायऱ्या निम्म्या रुंदीच्या, वजावट निम्मी. वरचा दर २२ वरून २४ टक्क्यांवर जातो आणि कर येतो सुमारे २०,८०० डॉलर. उत्पन्न घटलं आणि कर जवळजवळ ३,७०० डॉलरनी वाढला. शिवाय मेडिकेअरच्या वाढीव हप्त्याची मर्यादा जोडप्याला २,१८,००० आणि एकट्याला १,०९,००० आहे. जोडपं असताना ती कितीतरी दूर होती, आता ओलांडली गेली. मग मेडिकेअरच्या पार्ट बी या भागाचा हप्ता महिन्याला २०२.९० ऐवजी २८४.१० डॉलर होतो.

दर हंगामात अशी एखादी काकू किंवा मावशी समोर येऊन बसते. हिशेब आयुष्यभर नवऱ्यानं पाहिलेला असतो. ‘हे गेले, खर्च अर्धा झाला, मग कर वाढला कसा?’ असं ती विचारते. मी तिला कायदा समजावून सांगू शकतो, पण त्या टप्प्यावर तिच्यासाठी फारसं काही करू शकत नाही. जे करायचं होतं ते दहा वर्षांपूर्वी, दोघं असताना, रुंद पायऱ्यांवर उभं राहून करायचं होतं. त्या जोडप्याच्या पुंजीतला तिसरा हिस्सा जरी रॉथमध्ये असता तरी तिची सक्तीची रक्कम तेवढ्या प्रमाणात घटली असती, आणि जास्तीचा खर्च आला तर रॉथमधून काढून तिला वरच्या पायरीवर चढावं लागलं नसतं.

मुलांच्या बाबतीतही हेच. २०१९ च्या कायद्यानंतर आईवडिलांकडून मिळालेलं खातं मुलांना बहुतेक वेळा दहा वर्षांत रिकामं करावं लागतं. आपण पंच्याऐंशीला गेलो तर मुलं तेव्हा पन्नाशीत, म्हणजे स्वतःच्या सर्वांत मोठ्या पगाराच्या वर्षांत असणार. करापूर्वीची पुंजी त्यांच्या पगारावर येऊन बसेल आणि त्यांच्या दरानं कापली जाईल. रॉथही दहा वर्षांतच रिकामं करावं लागतं, पण त्यावर कर लागत नाही.

जे भारतात परतणार आहेत त्यांच्यासाठी मी वर म्हटलेल्या काही गोष्टी फिरतात, आणि याबद्दल आपल्या कार्यक्रमांत जवळजवळ काहीच बोललं जात नाही. भारतानं २०२१ मध्ये आयकर कायद्यात कलम ८९अ घातलं. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या निवृत्तिखात्यांतल्या वाढीवर दर वर्षी कर न लावता, त्या देशात पैसे काढताना कर लागतो तेव्हाच भारतातही लावायचा, अशी सोय त्यात आहे. त्यासाठी रिटर्नच्या मुदतीआधी एक फॉर्म (त्या कायद्यात तो १०-ईई) भरावा लागतो, आणि एकदा घेतलेला पर्याय मागे घेता येत नाही. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही ही सोय ठेवलेली आहे. करापूर्वीच्या ४०१(के) ला ती नीट बसते. पण कलमातली व्याख्या अशा खात्याची आहे, ज्यावर त्या देशात दर वर्षी कर लागत नाही आणि काढताना लागतो. रॉथवर तर काढतानाही लागत नाही. त्याचं नाव कायद्यात कुठेच नाही. म्हणजे अमेरिकेत एकदा कर भरून करमुक्त झालेल्या पैशाच्या वाढीवर भारतात कर मागितला जाऊ शकतो. साठीला पुण्याला किंवा नाशिकला कायमचं परतायचं नक्की असेल, तर रॉथवर डोळे झाकून भर देऊ नये. परतल्यावर पहिली दोन-तीन वर्षं बहुतेकांना ‘निवासी, पण सामान्य निवासी नाही’ हा दर्जा मिळतो आणि तेव्हा परदेशातल्या अशा उत्पन्नावर भारत कर लावत नाही. रॉथचं काय करायचं ते त्या वर्षांत ठरवावं, आणि दोन्ही देशांचे कायदे जाणणाऱ्या माणसाला विचारून ठरवावं. अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असेल तर इथलं रिटर्न तिथे राहूनही भरावंच लागतं, हे सांगायला नकोच.

राज्यांबद्दल थोडक्यात. १९९६ च्या केंद्रीय कायद्यानुसार निवृत्तिखात्यातल्या पैशावर कर लावण्याचा हक्क आपण काढताना जिथे राहतो त्या राज्याला असतो, जिथे कमावला त्या राज्याला नाही. कॅलिफोर्नियात कमवून टेक्सास किंवा फ्लोरिडात निवृत्त होणाऱ्यांना करापूर्वीचं खातं अधिक सोयीचं. टेक्सासमध्ये आयुष्य काढून शेवटी मुलीजवळ कॅलिफोर्नियात जाणाऱ्यांना रॉथ. पेन्सिल्व्हेनियात तर ४०१(के) ची वजावट राज्याच्या करातून मिळत नाही, पण निवृत्तीनंतर काढलेल्या पैशावर राज्य करही लावत नाही.

कार्यकारिणीतल्या मंडळींनो, तुमच्याशी एका विषयावर स्पष्ट बोलायला हवं. गणेशोत्सवाच्या आणि दिवाळीच्या कार्यक्रमांत प्रायोजक म्हणून आलेल्या विमा विक्रेत्यांना आपण व्यासपीठ देतो. ‘करमुक्त निवृत्ती’ असं नाव देऊन ते इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाशी जोडलेली आयुर्विमा पॉलिसी, विकतात. ते सांगतात त्यात एक गोष्ट खरी असते. पॉलिसीवर काढलेल्या कर्जावर कर लागत नाही. पॉलिसीतला खर्च, मध्येच मोडली तर होणारी कपात, आणि कर्ज अंगावर असताना पॉलिसी बंद पडली तर साचलेल्या नफ्यावर एकदम बसणारा कर, हे सांगितलं जात नाही किंवा घाईत सांगितलं जातं. ज्या तरुण जोडप्यानं अजून कंपनीची मॅच पूर्ण घेतलेली नाही, रॉथ आयआरए उघडलेलंही नाही, त्यांना वीस वर्षांच्या हप्त्यात अडकवलं जातं. त्या जोडप्यानं विश्वास विक्रेत्यावर ठेवलेला नसतो. तो मंडळाच्या बॅनरवर ठेवलेला असतो. सभागृहाचं भाडं भागतं म्हणून हे चालू द्यावं असं मला वाटत नाही.

त्याऐवजी दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कंपन्यांत पुढच्या वर्षीच्या निवडी करायची वेळ असते तेव्हा, प्रत्येक मंडळानं दोन तासांचा एक कार्यक्रम ठेवावा. प्रायोजक नको. बोलायला असा सीपीए (परवानाधारक हिशेबतज्ज्ञ) किंवा असा आर्थिक सल्लागार बोलवावा, जो कमिशन न घेता फक्त आपल्या वेळेची फी घेतो. आपल्या समाजात असे पुष्कळ आहेत आणि विचारलं तर विनामूल्यही येतील. तरुणांसाठी, चाळिशी-पन्नाशीसाठी आणि निवृत्तांसाठी वेगळी सत्रं हवीत, कारण तिघांची उत्तरं वेगळी आहेत. भारतात परतणाऱ्यांसाठी चौथं.

दुसरी विनंती मंडळांनी एकत्र येऊन करायच्या कामाबद्दल. भारताच्या अर्थ मंत्रालयाला, आपापल्या शहरातल्या वाणिज्य दूतावासामार्फत, एक निवेदन द्यावं : कर भरून झालेल्या रॉथसारख्या खात्यांचा निवृत्तिखात्यांच्या सवलतीत नाव घेऊन समावेश करावा, आणि अमेरिकेत करमुक्त असलेली रक्कम भारतातही करमुक्त धरावी. मागणी लहान आहे, न्याय्य आहे, आणि ती फक्त मराठी माणसांची नाही. गुजराती, तेलुगू, तमिळ संघटना सोबत येतील. मसुदा तयार करायला मी वेळ देईन.

आणि कार्यक्रमाचं निमंत्रण जोडप्यालाच द्या. येताना प्रत्येक जोडप्यानं गेल्या वर्षीचं १०४० हे केंद्राचं आयकर रिटर्न आणि सगळ्या खात्यांची एक हस्तलिखित यादी आणावी. जुन्या नोकऱ्यांत विसरलेली खातीसुद्धा त्यात यावीत. प्रत्येक रकमेपुढे ‘कर भरला’ किंवा ‘कर बाकी’ एवढंच लिहावं, आणि प्रत्येक खात्यावर वारस म्हणून कुणाचं नाव आहे तेही. घरात पैशांचे व्यवहार जो पाहत नाही, यादी त्यानं किंवा तिनं लिहावी. न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि पेन्सिल्व्हेनियातल्या ज्या मंडळांना ऑक्टोबरमध्ये कार्यक्रम ठेवायचा असेल, त्यांनी उन्हाळ्याच्या आत तारीख कळवावी. मी स्वतः येईन.

कळावे,
आपला,
न्यू जर्सीतला एक निवृत्त सभासद